शनिवारची सुवाच्य प्रत

३ सप्टेंबर

प्रिय धाकटे,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे पत्र थेट केराच्या टोपलीत टाकशील, या धास्तीनं पत्ता चिटणीसांकडून टाइप करून घेतला. म्हणजे पहिली लबाडी पाकिटावरच झाली. एकतीस वर्षांनी लिहितोय आणि सुरुवात ही अशी.

मी बरा आहे. गुडघे बोलतात, डावा कान बोलत नाही. व्यासपीठाच्या सात पायऱ्या चढताना कठडा धरावा लागतो, आणि पुढच्या बाकावरच्या बायका श्वास रोखून बघत असतात, म्हातारा आज पडतो की काय. नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी निवृत्त होतोय. एकाच चर्चच्या मंडळीत एकतीस वर्षं काढली. ज्यांना बाप्तिस्मा दिला त्यांची लग्नं लावली, मग त्यांच्या पोरांना बाप्तिस्मा दिला. तुझी वहिनी सहा वर्षांपूर्वी गेली. तू तिला पाहिलंच नाहीस. माझी एक धाकटी बहीण लांबच्या शहरात कोर्टात टंकलेखिका आहे, एवढंच मी तिला सांगितलं होतं. पुढे काही विचारलं की विषय बदलायचो, आणि विषय बदलण्यात आम्हा पाळकांचा हात कोण धरणार?

हे बघ, आत्ताही तेच चाललंय. मुद्द्यावर येतो.

आमच्या मंडळीतल्या वडिलांच्या सभेनं ठरवलंय की निरोपाच्या दिवशी माझ्या निवडक वीस उपदेशांचं पुस्तक काढायचं. तुला ठाऊकच आहे, मंडळीनं निवडलेल्या या वडिलांच्या संमतीशिवाय आमच्याकडे पाळकाला दाराला रंगसुद्धा देता येत नाही. तेव्हा नाही म्हणायची सोय नव्हती. (खरं सांगू? नाही म्हणायची इच्छाही नव्हती.) उपदेश कुठले घ्यायचे ते मंडळीनं चिठ्ठ्या टाकून निवडले. पहिला आला तो ‘दमलेली लेक’. शिवाय त्याच उपदेशातल्या वाक्यावरून पुस्तकाचं नाव ठेवलंय ‘देव उशाशी बसतो’. निरोपाच्या उपासनेतही मी तोच उपदेश पुन्हा करावा, असा सगळ्यांचा आग्रह आहे.

कुठला उपदेश ते तुला सांगायला नको. आई आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेली. तिची लेक मागच्या पायरीवर बसलेली. आई हाका मारते आणि लेक उठत नाही. अर्ध्या तासानं आत जाते, तर आई पलंगाखाली पडलेली. त्यानंतर नवव्या दिवशी आई जाते आणि लेक हे सगळं पाळकाला सांगते. मग पाळक तिचा हात हातात घेऊन म्हणतो, “पोरी, तू दमली होतीस. दमलेल्या माणसाला देव गुन्हेगार म्हणत नाही, तो त्याच्या उशाशी बसतो.”

पहिल्यांदा तो मी आपल्या जुन्या छोट्या मंडळीत केला, इथे नंतर. नाव मी कुणाचंच घेतलं नव्हतं. तरी समोर बसलेल्या प्रत्येकाला ते कळलं, हे मला मान्य आहे. आईला पुरून तेव्हा महिनासुद्धा झाला नव्हता. पण धाकटे, देवाशपथ सांगतो, ते मी ठरवून केलं नव्हतं. बोलता बोलता वाहवत गेलो. पवित्र आत्मा सुचवतो तसं माणूस बोलतो, पाळकाचं असं होतं कधीकधी.

तुझी हरकत नसेल तर दोन ओळी टाक. छापखानेवाला महिनाअखेर मजकूर मागतोय.

तुझा,
दादा

ता. क. या पत्राची नक्कल फायलीत लावली आहे. माझी सवय तुला माहीतच आहे.


२२ सप्टेंबर

प्रिय धाकटे,

तुझं कार्ड मिळालं. मायना नाही, सही नाही, फक्त एक प्रश्न. “शनिवारी मी तुला नहेम्यावरचा उपदेश उतरवून दिला होता. रविवारी तू दुसराच कुठून आणलास?”

तुझं अक्षर अजून तसंच आहे. हातात धरून मी किती वेळ नुसता अक्षराकडेच बघत बसलो.

माझं खरडलेलं बाड तू दर शुक्रवारी घेऊन जायचीस आणि शनिवारी दुपारच्या चहाबरोबर सुवाच्य प्रत टेबलावर आणून ठेवायचीस. माझं अक्षर मलाच लागायचं नाही, पण तुला लागायचं. आणि नुसतं उतरवायची नाहीस. “दादा, इथे तू एकच गोष्ट तीनदा सांगितली आहेस, लोक जांभया देतील,” असं समासात पेन्सिलीनं लिहायचीस. त्या काळात लोक मला बरा वक्ता म्हणत, त्यातला निम्मा वक्ता तर तूच होतीस.

तर, मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. वाहवत गेलो नव्हतो. आत्म्याचा त्यात काडीचा संबंध नव्हता. आपली करणी त्याच्या माथी मारली, हे आणखी एक पाप. तो उपदेश मी शनिवारी संध्याकाळी देवळामागच्या खोलीत दार लावून लिहून काढला. घरी नाही लिहिला, कारण घरी तू होतीस.

का ते विचारशील. आमच्यात पाळकाला कुणी वरून नेमून पाठवत नाही, मंडळी स्वतः शोधून पाचारण करते. जागा रिकामी झाली की त्यांची पाच माणसं गावोगाव फिरतात आणि न सांगता मागच्या बाकावर बसून उपदेश ऐकतात. त्या शुक्रवारी शेजारच्या मंडळीच्या पाळकानं माझ्या कानात सांगितलं, “रविवारी तुझ्याकडे पाहुणे आहेत. शहरातली मोठी मंडळी. जरा जोर लाव.” आणि माझ्याकडे काय होतं? बायबलातला तो नहेम्या आणि त्याच्या यरुशलेमच्या पडक्या भिंती! तुझ्या सुंदर अक्षरात उतरवलेला, पण मुळात कोरडा ठणठणीत. त्या भिंतींवर कोण मला शहरात बोलावणार होतं?

चौतीस वर्षांचा होतो मी. त्या गळक्या घराचा, चाळीस माणसांच्या मंडळीचा कंटाळा आला होता. आणि माझ्याजवळ तुझी गोष्ट होती. पंधरा दिवसांपूर्वी तू माझ्या अभ्यासिकेत उभी राहून सांगितलेली. मी मनात म्हटलं, एवढी खरी गोष्ट वाया कशाला घालवायची? अगदी याच शब्दांत म्हटलं, धाकटे. लिहिताना कान तापलेत माझे.

तू डावीकडच्या पहिल्या बाकावर बसली होतीस, पाळकाच्या घरच्यांच्या बाकावर, तुझ्या बाजूला आईची जागा रिकामी. मी नहेम्याचं पान उघडलं नाही तेव्हा तू मान वर केलीस. नंतर मी त्या बाजूला पाहिलंच नाही. मागच्या बाकाकडे बघून बोलत राहिलो. शेवटचं गीत तू उभी राहून म्हणालीस, घरी येऊन पानं वाढलीस आणि मला विचारलंस, “सूप गार झालंय, गरम करून आणू?” मी म्हटलं, आण.

बाराव्या दिवशी पाचारणाचं पत्र आलं आणि त्याच दिवशी तू गेलीस.

आता तुला सगळं सांगितलं. पुस्तकातून तो उपदेश काढायचा तर चिटणीसांना काहीतरी कारण द्यावं लागेल. तू म्हणशील तसं करतो.

दादा


१४ ऑक्टोबर

धाकटे,

हे काय मांडलं आहेस तू? मी मन मोकळं करून दोन पानं लिहितो आणि तू कार्डावर पुन्हा एक ओळ खरडतेस. “त्या दुपारी तुझी सायकल कुठे होती?”

कसली सायकल? एकतीस वर्षांनी सायकल कुठे होती ते कुणाला आठवतं? इथे सकाळी चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही! कोर्टात बसून बसून तुला उलटतपासणीची सवय लागलेली दिसते.

तरीपण विचारतेस म्हणून सांगतो. त्या दुपारी मी घरात नव्हतो. सुताराच्या घरी भेटीला गेलो होतो. गृहभेटींच्या वहीत नोंद आहे, आजच काढून पाहिली. तारीख, वार, “सुतार, पत्नी आजारी, स्तोत्र वाचून प्रार्थना केली.” वडिलांची सभा ही वही दरवर्षी तपासते, खाली दोघांच्या सह्या आहेत. आता तरी विश्वास बसेल की नाही?

छापखान्यातून रोज निरोप येतोय. तू हो किंवा नाही एवढंच कळव.

दादा


१६ ऑक्टोबर

प्रिय धाकटे,

परवाचं पत्र फाडून टाक. वहीचा दाखला काय देतोय मी! ती वही कुणी लिहिली? मीच ना.

तो उपदेश मी पुस्तकातून काढला. चिटणीस हैराण झाले. बिचारे निवृत्त मुख्याध्यापक आहेत, त्यांना प्रत्येक गोष्टीला लेखी कारण लागतं. “साहेब, नावच त्या उपदेशावरून आहे. लोकांनी ते वाक्य घरात चौकटी करून लावलंय. आमच्या बायकोच्या थडग्यावर मी ते कोरून घेतलंय. आणि तुम्ही म्हणता काढा?” मी म्हटलं, काढा. “मग नाव काय ठेवू?” काहीही ठेवा म्हटलं. शेवटी ‘वीस’चे ‘एकोणीस उपदेश’ झाले. पुस्तकाचं नावही तेच.

सायकलचं उत्तर देतो. थोडा धीर धर. पेन हातात घेतलं की हात भलतीकडेच वळतो.

दादा


१ डिसेंबर

प्रिय धाकटे,

झालं. परवा निरोप झाला. खोकी बांधून झालीत, एवढं टेबल तेवढं राहिलंय. सायकलवर येण्याआधी एक सांगतो, कारण ते सांगितलं नाही तर पुन्हा काहीतरी लपवल्यासारखं होईल.

मधले सहा आठवडे मी एक बेत शिजवत होतो. निरोपाच्या उपासनेत व्यासपीठावर उभं राहायचं आणि सगळ्यांसमोर कबूल करायचं. ‘दमलेली लेक’ म्हणजे माझी सख्खी बहीण, तिला न विचारता तिची गोष्ट विकून मी या व्यासपीठावर आलो. लिहूनही काढलं. चांगलं उतरलं होतं, मीच वाचून दोनदा रडलो. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, तेही समासात लिहिलं होतं.

आदल्या दिवशी दाईबाई आल्या होत्या. वडिलांच्या सभेतल्या सगळ्यांत जुन्या त्या, वय ब्याऐंशी. निम्म्या मंडळीचा जन्म त्यांच्या हातून झालाय, त्यामुळे कुणालाही काहीही बोलतात. मला शोधायला आलेल्या त्या पाच जणांतल्या आता एकट्या त्याच उरल्यात. मी त्यांना बेत सांगितला. वाटलं होतं, डोळे पुसतील. त्या म्हणाल्या, “बहिणीला विचारलंत?”

मी म्हटलं, नाही.

“म्हणजे पुन्हा तेच. तेव्हा बाईंची गोष्ट सांगून आलात, आता तीच सांगून जाणार. लोक रडतील, साहेब. म्हणतील, केवढा मोठा माणूस. आणि त्या बाई पुन्हा त्या बाकावर.”

मी विचारलं, “तुम्हाला ठाऊक होतं?”

“अहो, मी मागच्या बाकावर होते, आंधळी नव्हते. तुम्ही बोलत होतात आणि पुढच्या बाकावरच्या बाईंची मान ताठ होत चालली होती. पाचांतलं एक मत तुमच्या विरुद्ध पडलं. ते माझं.”

एकतीस वर्षं, धाकटे! दर रविवारी ही बाई माझ्या समोर बसली, दरवाज्यात हात मिळवून गेली, तुझ्या वहिनीच्या आजारात तीन महिने रोज येऊन तिला अंघोळ घातली. मी म्हटलं, “मग इतकी वर्षं मला ऐकत कशाला बसलात?”

“मंडळी माझी आहे,” म्हणाल्या. “तुम्ही नंतर आलात.”

परवा मी नहेम्यावर बोललो. तुझी ती प्रत माझ्या जुन्या बायबलमध्ये जशीच्या तशी होती, कागद पिवळा पडलाय पण शाई टिकलीय. तिसऱ्या पानावर समासात तुझी पेन्सिल आहे, “दादा, इथे आवर.” तिथे मी आवरलं. लोकांचा पार हिरमोड झाला. दोघंतिघं झोपले. चहाच्या वेळी एक तरुण बाई म्हणाली, “आम्हाला वाटलं होतं, आज तरी तो उपदेश ऐकायला मिळेल.” मी म्हटलं, तो माझा नव्हता. तिला वाटलं, कुठल्या पुस्तकातून घेतला असेल. वाटू दे.

आता सायकल.

सायकल मागच्या दाराशी होती. भिंतीला टेकवलेली, तू बसली होतीस त्या पायरीपासून चार पावलांवर. तू सबंध अर्धा तास तिच्याकडे बघत बसली असणार.

मी घरात होतो, धाकटे. अभ्यासिकेत. दार लावलेलं होतं, पण त्या घराच्या भिंतींतून काय ऐकू यायचं नाही? आधी तिनं तुला हाका मारल्या. मग मला. “बाळ, आहेस का रे घरात?” दोनदा. माझं अर्धं वाक्य लिहून झालं होतं. मनात म्हटलं, वाक्य पुरं करतो, तोवर धाकटी जाईलच. तू नेहमीच जायचीस. दोन वर्षं तिला कूस बदलायला, चादरी बदलायला, भरवायला तूच होतीस. मी संध्याकाळी तिच्याजवळ बसून प्रार्थना करायचो, आणि लोक म्हणायचे, मुलगा किती करतो आईचं.

वाक्य पुरं केलं. पुढचंही लिहिलं. हाका थांबल्या तेव्हा बरं वाटलं. मग आतून तो आवाज आला. काय पडलं ते मला तिथल्या तिथे कळलं.

आणि मी उठून पुढच्या दारानं बाहेर पडलो. सायकल घ्यायला मागे गेलो नाही, कारण मागे कुणीतरी भेटलं असतं. चालत सुताराकडे गेलो, त्याच्या बायकोला स्तोत्र वाचून दाखवलं, चहा घेतला. म्हणजे वहीतली नोंद खोटी नाही बघ. फक्त वेळ लिहायची सोडलीय. परत आलो तेव्हा डॉक्टर येऊन गेले होते आणि तू आईच्या पायाशी बसली होतीस. मी म्हटलं, “अरे देवा, काय झालं हे?”

आईला पुरल्यावर आठव्या दिवशी तू अभ्यासिकेत आलीस आणि तुझ्या वाटचं सगळं सांगितलंस. मला इतकी वर्षं वाटत होतं की तू माझ्याकडे पाळक म्हणून आली होतीस. तुझं कार्ड वाचेपर्यंत असंच वाटत होतं. तुला सायकल दिसली होती. तू आधी आपलं सांगितलंस, मी माझं सांगावं म्हणून. आणि मग वाट पाहिलीस.

“पोरी, तू दमली होतीस” हे मी म्हणालो नाही. तुझा हात धरला नाही. देव उशाशी बसतो, हे तू पहिल्यांदा ऐकलंस ते चाळीस माणसांत, व्यासपीठावरून. त्या दिवशी मी घड्याळाकडे बघितलं आणि म्हणालो, “वडिलांची सभा आहे, उशीर होतोय. कोट देतेस जरा?” तू कोट दिलास. कॉलरवरचा दोरा काढलास.

त्यानंतर मी हजारेक माणसांची दुःखं ऐकली असतील. मरणाच्या दारातल्या माणसांजवळ बसलो, नवरा-बायकोची भांडणं मिटवली, पोरं गमावलेल्या आयांना धीर दिला. लोक म्हणतात, साहेबांजवळ मन हलकं होतं. होतही असेल. तुझं मन हलकं करायला मला एक वाक्य पुरलं असतं. ते मी तुला दिलं नाही, कारण मग मला त्या घरात तोंड दाखवायला जागा राहिली नसती. तू एकटीनं ते वाहिलंस, आणि मी वर त्यावर उपदेश केला. लाज वाटते, धाकटे. या शब्दावर मी कितीदा बोललोय, पण आज तो माझ्या तोंडून पहिल्यांदा निघतोय.

माफ कर असं लिहिणार नाही. ते मागायला माझ्याकडे तोंड नाही, आणि तू ते देण्याघेण्याच्या भानगडीत पडावंस असंही वाटत नाही. फक्त ते वाक्य तुझ्या हवाली करतो. ते तुझं होतं, एकतीस वर्षं माझ्याकडे राहिलं.

आईची हाक मलाही ऐकू आली होती.

तुझा,
दादा

ता. क. नहेम्याची प्रत सोबत जोडली आहे. या पत्राची नक्कल ठेवलेली नाही.